मुलांच्या हातची पहिली गोधडी

वसंतातल्या व्याख्यानासाठी आम्ही गोधडीचा विषय घेतला हे ऐकून एका स्नेह्यांनी विचारले, "भर उन्हाळ्यात गोधडी?" प्रश्न वरवर रास्त आहे, पण गोधडी पांघरायची पावसात आणि थंडीत, शिवायची मात्र उन्हाळ्यातच. सुगी आटोपलेली, पेरणीला अवकाश, अंगणात कडक ऊन. अशा दिवसांत आपल्याकडे खेडोपाडी जुन्या गोधड्या धुऊन निघत आणि नव्या शिवायला घेतल्या जात. शहरातही गोधड्या शिवून देणाऱ्या बाया याच सुमारास दारावर येत, ओसरीवर बसत आणि घरातल्या जुनेराचे पांघरूण करून देत. त्यातून मुलांना सुट्टीही याच दिवसांत असते. तेव्हा ज्यांच्या घरी पाच ते दहा वर्षांची मुले आहेत आणि ट्रंकेत एखाददुसरे जुने लुगडे पडून आहे, अशांना पहिली गोधडी मुलांना बरोबर घेऊन कशी शिवावी, हे सांगण्याचा आमचा विचार आहे. आम्ही या कामातले जाणकार नव्हेत. आमच्या हातून एकच गोधडी पुरी झाली. पण पहिल्या गोधडीतल्या चुका ज्याच्या अजून ध्यानात आहेत, त्याने त्या सांगितलेल्या बऱ्या. जाणकाराच्या हाताला त्या विसरून गेलेल्या असतात.

प्रथम गोधडी म्हणजे काय, ते पाहू. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलासाठी पातळ आणि लहान शिवली तर ते दुपटे. आत कापूस भरला की ती दुलई किंवा रजई झाली, आणि ते गादीवाल्याचे काम. गोधडीत कापूस नसतो. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि हे थर एकमेकांना धरून ठेवणारा साधा धावदोरा, एवढेच तिचे सर्वस्व. संस्कृतातली कंथा ती हीच. बंगालमध्ये 'काँथा' या नावाने ती आजही ओळखली जाते. तिकडे पूर्वी जुन्या साडीच्या काठांतलेच रंगीत दोरे उसवून शिवणीला घेत असत. विकत आणायचे काही उरतच नसे.

नुसत्या कापडाच्या थरांनी ऊब कशी येते, हा प्रश्न मुले विचारतातच. पांघरूण ऊब देत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते, पांघरूण ती जाऊ देत नाही. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते, आणि दोन थरांच्या मध्ये अशी हवा कोंडून राहते. म्हणून त्याच वजनाच्या एका जाड कापडापेक्षा पातळ कापडाचे पाच थर अधिक उबदार. हे सांगण्यापेक्षा दाखवावे. कढत पाण्याचे दोन सारखे तांबे घ्यावेत. एकावर जुन्या धोतराचा एक पदर गुंडाळावा, दुसऱ्यावर त्याच धोतराचे पाच पदर. अर्ध्या तासाने मुलांना दोन्हींतल्या पाण्यात बोट घालू द्यावे. आमच्या घरी यानंतर थर किती घालायचे यावर वाद झाला नाही. उलट धाकट्याने दहा घालू या म्हणून हट्ट धरला. दहा थरांतून त्याच्या बोटांनी सुई जाणार नाही, हे त्याला पुढे सुईनेच शिकवले.

आता कापड. गोधडीला जुनेच कापड लागते, आणि ते केवळ काटकसर म्हणून नव्हे. वारंवार धुतलेल्या सुती कापडातली खळ गेलेली असते, जे काय आटायचे ते आटून झालेले असते, आणि सूत मऊ पडल्यामुळे सुई सहज शिरते. नवे कापड जुन्याबरोबर शिवले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि साऱ्या गोधडीला चुण्या पडतात. नायलॉन, पॉलिएस्टर असली कापडे मात्र कितीही जुनी असोत, घेऊ नयेत. ती एकमेकांवरून घसरतात, घाम टिपत नाहीत, आणि विस्तवाशी गाठ पडली तर वितळून अंगाला चिकटतात. नऊवारी आता घरोघरी राहिलेली नाही; सुती पाचवारी, धोतर, पंचा, झिजलेली चादर, काहीही चालेल. गडद रंगाच्या कापडाचे एक टोक ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासावे. रंग उतरला तर ते वेगळे भिजवून आणखी दोनदा धुवावे. मग प्रत्येक कापड उजेडासमोर धरावे. जिथे पलीकडची खिडकी स्वच्छ दिसते तिथे ते विरले आहे. हे खिडकी पाहण्याचे काम चार वर्षांचे मूलही चोख करते.

आमच्या कापडांत आमच्या आईचे एक अंजिरी लुगडे होते. तिला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. लुगडे ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून होते आणि त्याचे काय करावे हे घरात कोणी बोलत नव्हते. आम्ही ते इतर कापडांबरोबर बाहेर काढले, तेव्हा पाच वर्षांच्या मुलाने विचारले, "आजीचं लुगडं फाडायचं?" मुलांना त्याचे काही वाटणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो. सात वर्षांची मुलगी म्हणाली, "नाही फाडायचं." आम्ही त्या दिवशी कात्री मिटली. लुगडे दोन दिवस झोपाळ्यावर राहिले. मुले त्यावर बसली, त्यात गुरफटून खेळली. तिसऱ्या दिवशी मुलीनेच येऊन सांगितले की पदर वरच्या बाजूला, दिसेल असा लावणार असाल तर चालेल. ज्यांच्या घरी असे एखादे कापड आहे त्यांना आमची एवढीच सूचना की, ते मुलांच्या नकळत, आधीच फाडून ठेवू नये. दोन दिवस लागले तर लागू द्यावेत.

मापाचा हिशेब सोपा आहे. पहिली गोधडी दोन हात रुंद आणि अडीच हात लांब धरावी, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर बाय ११५. याहून मोठी घेतली तर मुलांचा धीर सुटतो. नऊवारी म्हणजे ३२४ इंच. त्यातून ४५ इंचांचे सात तुकडे पडतात, आणि मधला विरलेला भाग सोडला तरी चार-पाच हाती लागतात. तळाचे कापड अखंड घ्यावे आणि चारी बाजूंनी चार-चार बोटे मोठे ठेवावे. ती कड पुढे वर दुमडायची असते. वरचेही अखंड. मधल्या तीन थरांत मात्र तुकड्याला तुकडा लावला तरी हरकत नाही. फक्त एका थरातला जोड दुसऱ्या थरातल्या जोडावर येऊ देऊ नये. तिथे गाठ होते आणि सुई अडते.

कापड कापू नये, फाडावे. कडेला कात्रीने दोन बोटे चीर द्यावी आणि दोघांनी दोन बाजू धरून ओढावे. कापड आपल्या सुताच्या रेषेत सरळ फाटत जाते. कात्री मात्र मोठ्यांच्या हातीही वाकडी जाते. आणि तिरपे कापलेले कापड ओढले की ताणते, त्यामुळे गोधडीचा आकार बिघडतो. फाडण्याचा तो आवाज मुलांना विलक्षण आवडतो. हे काम सर्वस्वी त्यांचेच. अंजिरी लुगड्याची एक बाजू मुलीने धरली, दुसरी आम्ही. मुलाने कानांवर हात ठेवले होते, पण तो तिथून हलला नाही.

मग जमीन झाडून पुसून कोरडी करावी आणि तळाचे कापड उलटे पसरावे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, पाट असे काही जड ठेवावे. त्यावर एकेक थर घालून तळहाताने मधून बाहेर हवा काढीत न्यावी. मुले इथे हटकून मधून चालत जातात आणि थर सरकतात. त्यांना ओरडण्यापेक्षा एकेक बाजू वाटून द्यावी आणि सुरकुती दिसली की ती बाहेर हाकलून लावायची, असे सांगावे. सर्व थर बसले की तळाची वाढीव कड वर दुमडावी आणि पांढऱ्या दोऱ्याने वीत-वीत अंतरावर मोठे टाके घालून सारे टाचून घ्यावे; आधी मधून चारी बाजूंकडे, मग कोपऱ्यांकडे तिरपे. हे टाचण मोठ्यांनीच करावे आणि त्यात कुचराई करू नये. कारण गोधडी कडेकडून आत शिवत नेण्याचा आपला रिवाज आहे. टाचण सैल राहिले तर उरलेले कापड प्रत्येक फेरीबरोबर मध्याकडे ढकलले जाते आणि शेवटी मधोमध असा फुगा येतो की तो कोठेही दडपता येत नाही.

सुई लांब आणि मध्यम जाडीची असावी. दाभण घेऊ नये. ते गोणपाटाचे हत्यार, कापडाला भोके पाडते. दोरा जाड सुती घ्यावा, यंत्रावरच्या रिळाचा असेल तर दुहेरी, आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यावा. लांबी मुलाच्या हाताएवढी, त्याहून जास्त नाही; लांब दोऱ्याचा गुंताच होतो. सुई ओवण्याचे काम मुलांचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना नेढे दिसेनासे झाल्यावर नातवंडांनी सुई ओवून द्यावी हा जुना क्रम आहेच. राजगडावरच्या खडकातल्या आरपार भोकालाही नेढे म्हणतात, हे आम्ही मुलांना सांगितले. तेव्हापासून दोरा आत गेला की गड सर झाल्याची आरोळी उठे. सुया मोजून घ्याव्यात आणि उठताना मोजून ठेवाव्यात. आम्ही तीन काढीत होतो आणि तीन सापडल्याशिवाय कोणी जेवायला उठत नसे. आमच्या घरी दिवेलागणीनंतर सुई हातात घ्यायची नाही अशी आईची शिस्त होती. तिचे कारण काहीही असो. दमलेल्या मुलाच्या हातून अंधुक उजेडात पडलेली सुई शोधून पाहावी, म्हणजे ती पटते.

मुलांना एकदम गोधडीवर बसवू नये. पाच वर्षांच्या मुलाला गोणपाटाचा तुकडा, बोथट सुई आणि सुतळी द्यावी; गोणपाटाच्या विणीतली भोके डोळ्यांना दिसतात, त्यामुळे एका भोकातून खाली आणि दुसऱ्यातून वर, हे एका सकाळीत उमजते. मग दुपदरी कापड, मग गोधडी. सात-आठ वर्षांचे मूल पाच थरांतून एका वेळी एकच टाका घालू शकते. सुईवर तीन-चार टाके भरून मग ओढायचे, ही मोठ्यांची लकब त्याला दाखवण्याची घाई करू नये. धाकट्यासाठी आम्ही कड गुडघ्यावर उचलून धरीत होतो. तो वरून सुई टोचून देई, आमचा खालचा हात ती परत वर पाठवी. आमचे बोट अनेकदा टोचले. अंगुस्तान घालायला हवे होते.

शिवण किती लांब होते, याचा अंदाज आधीच घ्यावा. नाहीतर सुट्टी संपते आणि गोधडी माळ्यावर जाते. गोधडीचे क्षेत्रफळ दोन ओळींतल्या अंतराने भागले की शिवणीची लांबी मिळते. आमच्या मापात दोन बोटांचे, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटरचे अंतर ठेवले तर ही लांबी २६ मीटर भरते. एकाच बोटाचे ठेवले तर ५२. टाका आणि मधली जागा मिळून १ सेंटिमीटर धरली तर दोन बोटांच्या गोधडीला सव्वीसशे टाके पडले. आमची मुलगी एका बैठकीत दोन वितींपर्यंत जाई, मुलगा अर्धी वीत. २६ मीटर म्हणजे एकशे दहा-बारा विती. चाळीस दिवसांच्या सुट्टीत दोघांनी मिळून शंभर विती व्हायला हव्यात आणि राहिलेले आम्ही उरकावे, असे गणित कागदावर मांडले. गणितात चूक नव्हती.

चूक आमच्या हातून दुसऱ्या आठवड्यात झाली. मुलीची ओळ पदराकडे झुकत चालली होती; एक टाका तांदळाएवढा, पुढचा बोराएवढा. एका रात्री मुले निजल्यावर आम्ही तिची हातभर शिवण उसवली आणि सरळ रेषेत घालून ठेवली. सकाळी तिने ओळीवरून बोट फिरवले आणि जिथे आमचे टाके सुरू होत होते तिथे बरोबर थांबली. "हे माझं नाही," एवढेच ती म्हणाली. चार दिवस तिने सुईला हात लावला नाही. बहीण नाही म्हणून भावानेही लावला नाही. आम्ही आमची लबाडी कबूल केली, तरी फरक पडला नाही. पाचव्या दिवशी तिने सांगितले की तुमचे टाके काढा. आम्ही तिच्यादेखत काढले. मग ती बसली आणि तेवढीच हातभर ओळ तिने पुन्हा घातली; ती पहिल्याहून थोडी अधिकच वाकडी झाली, आणि आज ती तशीच आहे.

त्या चार दिवसांत आम्ही गोधडीकडेच पाहत बसलो होतो, आणि तेव्हा जे ध्यानात आले ते या सगळ्या कृतीत आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गोधडीला खरे दोष दोनच. एक, टाका नखाहून लांब राहिला तर त्यात पांघरणाऱ्याच्या पायाचे बोट अडकते आणि दोरा तुटतो. दुसरा, कोठेही तळहाताएवढी जागा शिवणीवाचून राहिली तर धुताना तेवढ्यातले थर सरकून गोळा होतात. हे दोन दोष मुलाला दाखवावेत. त्याने स्वतःच्या पायाचे बोट अडकवून, स्वतःचा तळहात ठेवून ते तपासावेत आणि स्वतः उसवावेत. मुले हे आनंदाने करतात. आमच्या मुलाने तर दुसऱ्यांच्याच टाक्यांत बोट अडकवून पाहण्याचा सपाटा लावला आणि आमचे दोन लांब टाके पकडले. ओळ वाकडी असणे हा मात्र गोधडीचा दोष नव्हे. वाकड्या ओळीने ऊब कमी होत नाही, शिवण उसवत नाही, थर सरकत नाहीत. ती सलते फक्त मोठ्यांच्या डोळ्यांना.

शिक्षणशास्त्रात या कामाची थोरवी फार पूर्वीच सांगितली गेली आहे. फ्रोबेलच्या बालोद्यानात टोचणे आणि शिवणे होते. माँटेसोरीबाईंच्या साधनांत बटणे आणि नाड्या लावण्याच्या चौकटी होत्या. आपल्याकडे १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. तिथे महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या शंखशिंपल्या, बिया, दगड यांचीच साधने झाली. या थोर मंडळींविषयी आम्हाला आदर आहे. तरीही हातांच्या बोटांना वळण लागावे म्हणून मुलांना शिवायला बसवा, असे कोणी म्हटले की आम्हाला थोडे हसू येते. वळण लागतेच, पण मूल त्यासाठी शिवत नाही. पावसात पांघरायला हवी, म्हणून ते शिवते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, त्यातही वस्तू उपयोगी पडली पाहिजे असा आग्रह होता. खेळण्यातली गोधडी केली असती, तर आमच्या मुलीने चार दिवसांनीही सुई उचलली नसती.

कोपऱ्यांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांची बोली कोंकणीच्या जवळची आहे. त्यांच्या स्त्रिया कवंदी शिवतात, तीही जुन्या कपड्यांची आणि तीही कडेकडून आत. शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले तिकोनी तुकडे बसवतात. त्यांना 'फुला' म्हणतात, आणि फुला नसलेली कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. हे ऐकून मुलांनी कोपऱ्यांचा हक्क सांगितला. दोन कोपऱ्यांना खणाचे तुकडे आले, एकाला मुलाच्या जुन्या सदऱ्याचा खिसा आला, चौथ्याला बटणासकट काजपट्टी. कोपऱ्याला आठ-नऊ पदर होतात, तेव्हा ही शिवण मोठ्यांनीच करावी. मुलांनी जागा ठरवावी.

सगळ्या फेऱ्या मध्यापर्यंत आल्या की टाचण्याचे पांढरे दोरे काढून टाकावेत. हे काम धाकट्याला द्यावे. ओढले की निघतात, आणि आपण मोडतो आहोत असे वाटूनही काही मोडत नाही. मग पावसाआधी एकदा थंड पाण्यात धुवावी. पाच पदर पाणी प्याले की गोधडी मुलांना उचलत नाही. पिळू नये, तशीच दोन समांतर दोऱ्यांवर पसरावी, एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधली शिवण ताणते. कडक उन्हात दोन्ही बाजू वाळवाव्यात, कारण आतल्या पदरात ओल राहिली तर पावसाळ्यात तिला कुबट वास येतो.

आमची गोधडी सुट्टी संपल्यावर आठ दिवसांनी पुरी झाली. पहिल्या पावसाच्या रात्री ती कोणी घ्यायची यावरून भांडण झाले. अखेर दोघांनी ती आडवी घेतली. पदर वर होता, आणि वाकडी ओळ मुलीने आपल्या बाजूला घेतली होती. पण आडव्या गोधडीची लांबी दोनच हात भरते, त्यामुळे दोघांचेही पाय पोटऱ्यांपासून उघडे राहिले. तेव्हा ज्यांच्या घरी मुले दोन आहेत त्यांनी आमच्या मापात रुंदी तीन हात धरावी. शिवण त्यामुळे १३ मीटरांनी वाढेल, ती मोठ्यांनी आपल्याकडे घ्यावी.